‘ताबा’ या शब्दापलीकडे

जागेचा ताबा, दुकानाचा ताबा, आरोपीचा ताबा आणि मुलाचा ताबा. या सर्व ठिकाणी आपण एकच शब्द वापरतो, ही केवळ शब्दांची टंचाई नव्हे. ताबा ज्याला हवा असतो, त्याचाच विचार हा शब्द करतो. ज्याचा ताबा घ्यायचा, तो मुकाच राहतो. विभक्त आईवडिलांपैकी एकजण मुलाला घेऊन परदेशी जाऊ पाहतो, तेव्हा या शब्दाची मर्यादा विशेषत्वाने जाणवते.

जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भारती डांगरे यांच्यासमोर असेच प्रकरण होते. पुण्यातील एका नोकरदार आईला पोलंडमधील क्राकोव्ह येथे कामाची संधी मिळाली होती. नऊ वर्षांच्या मुलीला सोबत नेण्यास पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने परवानगी नाकारली होती. मुलगी दुरावेल, ही वडिलांची हरकत. शेजारच्या युक्रेनमधील युद्धाचाही आधार त्यांनी घेतला. उच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि वडिलांशी भेट व संपर्क टिकेल अशी तजवीज केली. मूल की नोकरी, अशी निवड आईवर लादता येणार नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मुलासह ऑस्ट्रेलियाला जाऊ इच्छिणाऱ्या एका आईच्या प्रकरणात मांडले होते.

हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. नोकरीसाठी परगावी जाणाऱ्या पुरुषाला जो प्रश्न सहसा विचारला जात नाही, तो स्त्रीलाच का विचारावा? परंतु अशा निर्णयांवरील आपली चर्चा आई जिंकली की वडील हरले, एवढ्यावरच थांबते. मुलाच्या पदरात काय राहिले, हा प्रश्न बाजूस पडतो.

वास्तविक, आजही लागू असलेला १८९० चा पालक व पाल्य कायदा पाल्याच्या हितालाच महत्त्व देतो. त्याच्या सतराव्या कलमात वय, लिंग, धर्म, पालकाचे चारित्र्य, नात्याची जवळीक यांचा उल्लेख आहे, भाषेचा नाही. मुलाला त्याची मायबोली नसलेल्या देशात नेणे मनाला हादरा देणारे ठरू शकते, हे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९७४ मध्ये ओळखले आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही पुढे त्या विचाराचा आधार घेतला. पण तो संदर्भ मुख्यतः मुलाला परवानगीविना देशाबाहेर नेल्याच्या वादांतला. परवानगी देऊन नेताना भाषेचे काय, याचा विचार अजून व्हावयाचा आहे.

भाषा तुटणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी नंदुरबारच्या अध्यापकाला परदेशी जावे लागत नाही. भिली वा पावरी बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठीसमोर गप्प होते. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या आईबापांसोबतचे मूल तेथे आणखी एका भाषेसमोर उभे राहते. या स्थलांतरासाठी कोणी न्यायालयाची परवानगी मागत नाही, म्हणून मुलाचे नुकसान नोंदलेही जात नाही. मूल नवी भाषा शिकते, हे खरे. पण जुन्या भाषेत त्याच्याशी बोलणारे कोणी उरले नाही, तर त्या भाषेतले त्याचे अनुभवही अबोल होतात.

भाषेचा मुद्दा आईला अडवण्याचे नवे हत्यार मात्र होऊ नये. आमचे म्हणणे इतकेच की, दूर राहिलेल्या पालकाशी ठरणारी भेट, सुट्टीतला मुक्काम, पडद्यावरचे संभाषण या गोष्टी त्या पालकाला दिलेली भरपाई नसून मुलाचा हक्क आहेत. घरची बोली, आजीआजोबांची नाती, मागे राहिलेले गाव त्याच वाटेने मुलापर्यंत पोहोचत राहतात. हे मान्य केले, तर ‘ताबा’ऐवजी ‘संगोपन’ आणि ‘सहवास’ हे शब्द आपल्या चर्चेत सहज रुळतील. ते रुळवण्याचे काम वकिलांइतकेच आपणा भाषेच्या अध्यापकांचेही आहे.