जुनीं शाळागृहें आणि आपलें कर्तव्य



आपल्या जिल्ह्यांत शाळा आधीं जन्मली, आणि तिचें घर मागाहून उभें राहिलें. गांवची चावडी, मारुतीचें देऊळ, धर्मशाळा, नाहीं तर एखाद्या सज्जनाच्या वाड्याची ओसरी, हींच खेड्यांतील मुलांचीं पहिलीं शाळागृहें होत. सन १८३१ मध्यें अमेरिकन मराठी मिशनचे लोक अहमदनगरास आले. सन १८३९ मध्यें सिंथिया फरारबाई येथें आल्या, आणि १८६२ सालीं देह ठेवीपर्यंत मुलींच्या शिक्षणासाठीं झटल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले यांचा निश्चय दृढ झाला व १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. त्या शाळेची थोरवी तिच्या भिंतींत नव्हती, तेथें चाललेल्या कार्यांत होती.

पुढें गांवोगांव कौलारू शाळा झाल्या. काळ्या दगडाच्या भिंती, चुन्याचे दर्जे, लांकडी तुळया आणि वर मंगळुरी कौलें. हीं कौलें बाझल मिशननें सन १८६५ मध्यें मंगळूर येथें कारखाना काढून करण्यास आरंभ केला. उंच छपरामुळें चैत्रवैशाखांतहि वर्गांत बसवत असे. म्हणून अनेक वडीलधारी मंडळी अशा इमारतींविषयीं "जुनें तें सोनें" असें म्हणतात.

परंतु केवळ कौतुकानें छप्पर उभें राहत नाहीं. सन २०१७ च्या ऑगस्टमध्यें नगर तालुक्यांतील निंबोडी येथें, पावसांत शाळेचा वर्ग कोसळून तीन विद्यार्थी प्राणांस मुकले. ज्या घरीं दप्तर परत आलें आणि मूल आलें नाहीं, त्या घरास इमारतीच्या इतिहासाचें काय समाधान?

यावर कोणी म्हणतात, जुन्या शाळा सरसकट पाडून टाका. माझें नम्र मत असें कीं, दोष वयाचा नाहीं, हयगयीचा आहे. एक कौल सरकतें, पाणी तुळईवर पडतें, लांकूड कुजतें, वाळवी लागते, आणि मग भार सहन होत नाहीं. चुन्याच्या भिंतीवर वरून सिमेंट थापल्यास आंतील ओल आंतच कोंडते. ज्या इमारतीकडे कोणी पाहत नाहीं ती नवी असली तरी धोक्याचीच.

सन १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आहेत. दुरुस्तीचें दायित्व तिचेंच, यांत संशय नाहीं. पण गळणारें छप्पर रोज पाहतात तीं मुलें आणि शिक्षक. म्हणून दरवर्षीं मृग नक्षत्रापूर्वीं शिक्षक व पालक यांनीं मिळून शाळा फिरून पाहावी, दिसलेला दोष लेखी कळवावा, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. शंका असेल तो वर्ग त्याच दिवशीं बंद करावा. लिंबाच्या झाडाखालीं भरलेली शाळा संशयित छपराखालीं भरलेल्या शाळेहून शतपट बरी. हिवरे बाजारनें १९८९ नंतर ग्रामसुधारणेस हात घातला, तेव्हां आरंभींच शाळेकडे लक्ष पुरविलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

जी इमारत तपासणींत भक्कम ठरेल ती जतन करावी. जी ठरणार नाहीं ती निःशंक उतरवावी. मात्र तिच्यांतील जनरल रजिस्टर जिवापाड सांभाळावें. जन्मतारीख किंवा जात सिद्ध करण्यासाठीं नातवंडें आजोबांच्या नांवाची नोंद त्यांतच शोधतात. भिंत पुन्हा बांधतां येते. फाटलेलें पान पुन्हा लिहितां येत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, या सुटींत आपापल्या गांवच्या शाळेचा वृत्तांत वृद्धांना विचारून लिहून काढा, आणि लिहितां लिहितां एकदां मान वर करून छपराकडेहि पाहा. पूर्वजांनीं शाळा बांधली ती आपण सुखरूप शिकावें म्हणून. तो हेतु सांभाळणें हेंच त्यांचें खरें स्मारक होय.