वेलीचें वळण

परदेशीं असलेल्या चि. सौ. कन्येचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. इंग्लंडांतील तिच्या घरीं विस्टेरियाची वेल लावून ७ वर्षें झालीं. पानांचें रान माजलें, पण जांभळ्या फुलांचा एकही घोंस नाहीं. ‘आतां उपटून टाकावी काय?’ असें ती विचारते. वर्ध्यास वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो. येथें ही थंड हवेची वेल नांदणार नाहीं. तथापि वेलींचीं दुखणीं सर्वत्र सारखींच, म्हणून उत्तर येथेंच देत आहोंत.

पहिलें पथ्य धीराचें. बियांपासून वाढविलेली विस्टेरिया फुलण्यास १०-१५ वर्षेंही घेते. कलमी रोप पुष्कळ लवकर फुलतें. दुसरें, खत आवरावें. ही वेल आपल्या तुरी-हरभऱ्याच्या गोत्रांतली. मुळांवरील गांठींच्या योगें नत्र मिळविते. वर नत्रखत घातल्यास पानेंच माजतात. तिसरें छाटणीचें. जुलै-ऑगस्टांत लांब फुटवे ५-६ पानांवर आणि जानेवारी-फेब्रुवारींत तेच २-३ डोळ्यांवर छाटावे. एप्रिल व ऑक्टोबर अशा दोन छाटण्या करणाऱ्या नाशिककडील द्राक्षबागाइतदारांस यांत नवल वाटणार नाहीं. जागा भरपूर उन्हाची असावी. वसंतांतील उशिराच्या हिमानें कळ्या करपतात. शेंगा व बिया विषारी असल्यानें नातवंडांच्या हातीं लागूं देऊं नयेत.

आतां आधाराविषयीं. शाकुंतलांतील वनज्योत्स्ना आम्रवृक्षास बिलगली होती. विस्टेरियास असें झाड देऊं नये, ती त्यालाच आवळते. भिंतीवर भक्कम तारा आडव्या ताणून फांद्या त्यांवर सुतळीनें सैल बांधाव्या व दरवर्षीं गांठी सोडून पाहाव्या.

हें शहाणपण आम्हांस फार महाग पडलें. कन्येच्या कै. आईनें अंगणांत जाई लाविली होती. ती गेल्यावर वेल कोसळूं नये म्हणून आम्हीं ती लोखंडी तारेनें खांबास घट्ट जखडली. खोड जाडावत गेलें, तार तेवढीच राहिली. सालींत रुतली, आणि जाई वाळली. उभा जन्म मुलांना वळण लावण्यांत गेला, परंतु वळण आणि करकचून बांधणें यांतला भेद आम्हांस त्या वाळक्या खोडानें शिकविला.

तेव्हां मुली, वेल उपटूं नकोस. खत थांबव, कात्री चालव, गांठी सैल कर. आणि आणखी चार वसंत तिची वाट पाहा.