क्रमवारी आणि विश्वासार्हता

वर्तमानपत्रांतील 'वधू पाहिजे', 'वर पाहिजे' या छोट्या जाहिरातींत एक प्रकारची समता असते. शब्दांना ठरलेला दर, सर्वांना सारखाच बारीक टाइप, आणि वाचणारा रकान्याच्या माथ्यापासून तळापर्यंत नजर फिरविणारा. इंटरनेटवरील शोधयंत्राच्या यादीत ही समता नाही. तेथे पहिल्या चारपाच नावांत जे आले ते डोळ्यांत भरते. तिसऱ्या पानावर जे गेले ते नसल्यात जमा होते. म्हणून आज कोणी सोबती शोधून देणारे नवे संकेतस्थळ काढले, तर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न सभासदांना काय द्यावे हा राहत नाही. यादीत वर कसे चढावे, हाच पहिला प्रश्न होऊन बसतो. प्रश्नांचा हा क्रम उलटा झाल्यामुळे ज्यांची हानी होते, त्यांचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही.

उदाहरणासाठी एक मर्यादित क्षेत्र घेऊ. पन्नाशी ओलांडलेल्या विधवा, विधुर आणि घटस्फोटित मराठी माणसांना उतारवयातील सोबत मिळवून देण्यासाठी कोणी एक संकेतस्थळ सुरू केले, असे समजावे. हेतू चांगला आहे आणि गरजही खरी आहे. मुले परगावी वा परदेशी, घरात एकटेपण, आणि चारचौघांत विषय काढण्याचा संकोच, अशा स्थितीतील निवृत्त शिक्षक किंवा कारकून प्रथम शोधयंत्रालाच विचारणार. त्याला यादीत जे नाव सर्वांत वर दिसेल, तेच सर्वांत भरवशाचे असे तो नकळत मानणार. क्रमांक आणि लायकी यांची ही गल्लत साऱ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

हा क्रमांक ठरतो कसा, हे पाहणे उद्बोधक आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये गुगलची स्थापना केली. त्यांच्या 'पेजरँक' पद्धतीमागची कल्पना विद्याक्षेत्रातून घेतलेली होती. ज्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर निबंधांत वारंवार होतो तो महत्त्वाचा मानला जातो. त्याचप्रमाणे ज्या पानाकडे इतर पाने दुवे देतात ते पान मोलाचे, आणि दुवा देणारे पान स्वतः जितके मान्यवर तितके त्या दुव्याचे वजन अधिक. पुढे या गणितात इतर अनेक कसोट्यांची भर पडली. पानावरील मजकूर विचारलेल्या प्रश्नाशी कितपत जुळतो, पान भ्रमणध्वनीवर नीट व लवकर उघडते की नाही, शोध घेणारा कोणत्या गावी आहे, अशा गोष्टीही आता विचारात घेतल्या जातात. तथापि बाहेरून मिळालेली मान्यता हा या पद्धतीचा कणा आजही टिकून आहे.

नव्या आणि लहान संकेतस्थळाची अडचण येथेच सुरू होते. त्याच्याकडे कोणी दुवा दिलेला नसतो, कारण ते कोणाला ठाऊक नसते. आणि ते कोणाला ठाऊक होत नाही, कारण त्याच्याकडे कोणी दुवा दिलेला नसतो. शिवाय त्याचा खरा ऐवज म्हणजे सभासदांची माहिती, ती कुलुपाआड असते आणि असलीच पाहिजे. शोधयंत्राला दिसते ती दर्शनी पाटी आणि दोनचार कोरडी पाने. भरीला सोबती जुळविण्याच्या व्यवसायाचा एक अर्थशास्त्रीय स्वभावही आहे. जुळवणीच्या बाजारांचा अभ्यास करणारे ॲल्विन रॉथ (२०१२ मध्ये त्यांना लॉइड शॅप्ली यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले) अशा बाजाराला पुरेशी दाटी लागते असे सांगतात. स्त्रिया नसतील तर पुरुष येत नाहीत, पुरुष नसतील तर स्त्रिया येत नाहीत, आणि दोन्ही असूनही ती एकमेकांपासून पाचशे मैलांवर असतील तर त्यांचा परस्परांना उपयोग नाही. तात्पर्य, रिकाम्या सभागृहाच्या दारावर कितीही मोठी पाटी लावली तरी आत आलेला माणूस क्षणभर थांबून परतच जाणार.

ही अडचण ओळखूनच क्रमवारी वाढवून देणाऱ्यांचा एक स्वतंत्र धंदा उभा राहिला आहे. 'एसईओ' या तीन अक्षरांनी तो ओळखला जातो. त्यातील काही काम सरळ व उपयुक्त आहे. पानांना नेमकी शीर्षके देणे, मोडके दुवे दुरुस्त करणे, पाने हलकी ठेवणे याला कोणी नावे ठेवणार नाही. परंतु दुसरा भाग निव्वळ बनावाचा असतो. दुवे विकत घ्यायचे. 'नाशिकमधील स्थळे', 'साताऱ्यातील स्थळे' अशी शेकडो पाने गावाचे तेवढे नाव बदलून छापायची. कधीही न झालेल्या विवाहांच्या सुखकथा रचायच्या. सभागृह भरलेले दिसावे म्हणून खोटे सभासद निर्माण करायचे. लिहिणारी यंत्रे हाताशी आल्यापासून तर असा मजकूर जवळजवळ फुकटात हवा तेवढा मिळतो.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडले होते. नियंत्रणासाठी एखाद्या मापाचा वापर सुरू झाला की त्या मापाचा विश्वासार्हपणा ढासळू लागतो, असा त्याचा आशय. परीक्षेतील गुणांसाठीच शिकविले जाऊ लागले की गुणांवरून विद्या कळत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. दुव्यांचेही तेच झाले. दुवा हे मान्यतेचे माप ठरताच दुव्यांचा बाजार भरला. २०११ च्या फेब्रुवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीच्या वरच्या क्रमांकांमागे विकतच्या दुव्यांचे जाळे असल्याचे उघडकीस आणले. गुगलने तिचे क्रमांक तत्काळ खाली ढकलले. कंपनीने आपल्याला याची कल्पना नसल्याचे सांगून सल्लागार संस्थेला दूर केले. त्याच वर्षी पोकळ मजकुराविरुद्ध, २०१२ मध्ये बनावट दुव्यांविरुद्ध आणि २०२४ च्या मार्चमध्ये घाऊक निर्माण केलेल्या निरुपयोगी पानांविरुद्ध गुगलने आपली गणिते व नियम कडक केले. मोठी कंपनी असा फटका सोसून उभी राहते. लहान संकेतस्थळ मात्र त्यातून क्वचितच उठते. म्हणजे हा आडमार्ग नीतीच्या दृष्टीने वाईट आहेच, पण हिशेबाच्या दृष्टीनेही तोट्याचा आहे.

आणि तरीही, समजा, बनाव पकडला गेला नाही. तर काय होईल? सोबत शोधण्याचा व्यवहार कापड-भांड्यांच्या खरेदीसारखा नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, ग्राहकाला खरे-खोटे ओळखता येत नसेल तर खोटा माल खऱ्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. येथे तर माणसे स्वतःच एकमेकांपुढे ठेवली जातात. दोनदा फसलेली विधवा तिसऱ्यांदा येत नाही. ती गेली की प्रामाणिक विधुरही जातो. मागे उरतात ते फसविणारे. 'ॲशली मॅडिसन' या कॅनडातील संकेतस्थळाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. २०१५ मध्ये त्याची माहिती चोरीला गेली आणि सुमारे ३ कोटी ६० लाख सभासदांचे तपशील उघड्यावर आले. पुरुषांना पैसे भरायला लावण्यासाठी स्त्रियांच्या नावे खोट्या नोंदी ठेवल्याचा, आणि माहिती पुसून टाकण्याचे शुल्क घेऊनही ती न पुसल्याचा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या संकेतस्थळावर ठेवला. २०१६ च्या डिसेंबरमध्ये त्या प्रकरणी तडजोड झाली. परंतु उघडी पडलेली नावे काही परत झाकली गेली नाहीत.

भारतात केंद्र सरकारने २०१६ च्या जूनमध्ये विवाहविषयक संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सभासदाची ओळख कागदपत्रांनिशी तपासावी आणि संकेतस्थळ विवाहासाठीच असून 'डेटिंग'साठी नाही असे स्पष्ट जाहीर करावे, असे त्यांत म्हटले होते. सूचनांचा हेतू स्तुत्य होता. पण उतारवयात ज्यांना विवाहाचे बंधन नको, केवळ सोबत हवी, ते या विभागणीत कोठेच बसत नाहीत. फसवणुकीचा धोका मात्र त्यांनाच अधिक, कारण त्यांच्या हाती निवृत्तीचा पैसा असतो आणि फसल्यावर बोलण्याची लाज असते.

मग नव्या संकेतस्थळाने करावे तरी काय? प्रथम त्याने आपले क्षेत्र अरुंद ठेवावे. अमेरिकेत १९९७ मध्ये सुरू झालेले 'जेडेट' हे ज्यू समाजापुरतेच होते आणि त्यातच त्याचे बळ होते. 'विवाह' या एका शब्दावर जुन्या, धनाढ्य कंपन्यांशी झुंज घेणे म्हणजे दगडावर डोके आपटणे होय. उलट 'पुनर्विवाहानंतर कुटुंबनिवृत्तिवेतनाचे काय होते', 'दुसऱ्या लग्नानंतर घरावरचा हक्क राहतो का', 'मुलांना हे कसे सांगावे' अशा प्रश्नांना सोप्या आणि बिनचूक मराठीत उत्तरे देणारी पाने फार थोडी आहेत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, ही साधी गोष्टही अनेकांना ठाऊक नसते. जाणकार वकिलाकडून तपासून घेतलेली अशी पन्नास पाने, गावांची नावे बदलून छापलेल्या पाच हजार पानांपेक्षा शोधयंत्राच्या नजरेतही अधिक मोलाची ठरण्याचा संभव आहे; वाचकाच्या नजरेत तर ती निश्चितच ठरतील.

दुसरे, एकाच शहरापासून आरंभ करावा. शंभर गावांत दोन-दोन सभासद असण्यापेक्षा एका गावात दोनशे असणे अधिक फलदायी होय. तेथील ज्येष्ठ नागरिक संघ, महिला संस्था, समुपदेशक, वृत्तपत्रे यांच्याशी प्रत्यक्ष संबंध जोडावा. त्यांनी आपल्या पानावर दिलेला एक दुवा विकतच्या शेकडो दुव्यांना भारी पडतो, कारण त्यामागे कोणीतरी आपले नाव पणाला लावलेले असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पानांची संख्या वाढावी म्हणून सभासदांची माहिती शोधयंत्रापुढे उघडी टाकण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. अमुक पाने यादीत घेऊ नयेत अशी सूचना शोधयंत्राला देता येते. ती सभासदांच्या प्रत्येक पानावर असली पाहिजे. क्रमांक दोन पायऱ्या खाली राहिला तर पुढे चढता येईल. पण एखाद्या निवृत्त शिक्षिकेचे नाव व छायाचित्र तिच्या विद्यार्थ्यांना सहज शोधात सापडले, तर ते नुकसान कशानेही भरून निघणार नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, सरळ मार्गाने जाणारा उपाशी राहतो आणि लबाड तेवढ्यात पोट भरून घेतो. या आक्षेपात तथ्य आहे. शोधयंत्र हा आज सार्वजनिक रस्ता झाला आहे. पण त्याची मालकी खासगी आहे आणि रस्त्याच्या कडेचे फलकही तोच मालक विकतो. जाहिरातींवर पोसलेले शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल, असा इशारा खुद्द पेज आणि ब्रिन यांनीच १९९८ च्या आपल्या निबंधात दिला होता. पुढे २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे गुगलविरुद्ध जी तक्रार गेली, ती करणाऱ्यांत 'भारत मॅट्रिमनी' चालविणारी विवाहविषयक कंपनीच होती. तक्रारीतील सर्व मुद्दे आयोगाने मान्य केले नाहीत. परंतु शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल ८ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याने गुगलला १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड केला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी न्यायालयानेही गुगलने शोधाच्या क्षेत्रातील आपली मक्तेदारी बेकायदेशीर रीतीने टिकविल्याचा निर्णय दिला. तेव्हा जाहिरात आणि निकाल यांतील भेद ठळकपणे दाखविला जावा, आणि क्रमांक अचानक घसरलेल्या लहान व्यावसायिकाला कारण विचारण्याची व दाद मागण्याची सोय असावी, ही मागणी रास्तच आहे. मात्र ही सोय उद्या झाली तरी तिच्यामुळे मिळेल ती न्याय्य क्रमवारी. विश्वास तिच्यातून आपोआप निर्माण होणार नाही.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ मध्येच मान्यता दिली होती. तरीही मार्ग मोकळा झाल्यानंतर कित्येक वर्षे त्या मार्गाने जाणारी माणसे विरळाच होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी स्वतः एका विधवेशी विवाह केला आणि त्याच वर्षी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली. लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, पण त्यांच्या शब्दाविषयी शंका घेणे कोणाला शक्य नव्हते. एकाकी माणसांना सोबत मिळवून देण्याचे काम आज यंत्राच्या साहाय्याने करू पाहणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. शब्द आधी खरा करावा लागतो. नाव त्यानंतर वर येते.