ताट रिकामे परत जाऊ नये



२५ डिसेंबर आला की आमच्या चाळीत दोन कार्यक्रम एकाच दिवशी येतात. विहारात मनुस्मृती दहन दिन आणि शेजारच्या ख्रिस्ती बिऱ्हाडात नाताळ. आदल्या संध्याकाळीच आंटींची मुलगी झाकलेले ताट घेऊन दारात उभी राहते. त्यात कुलकुल, नेवऱ्या आणि केकचे दोन तुकडे. शेजाऱ्याचे ताट रिकामे परत पाठवायचे नाही, ही आमच्या आईची शिकवण. म्हणून त्याच ताटातून बेसनाचे लाडू जातात. बुद्ध पौर्णिमेला आमच्याकडची खीर जाते, तेव्हा त्यांचेही ताट रिकामे येत नाही. अशी देवघेव वर्षानुवर्षे चालू आहे.

काही वर्षांपूर्वी आंटींनी आम्हाला एक विचारले. चर्चच्या आवारात नाताळच्या दुपारी फुटपाथवरच्या लोकांना जेवण असते. दीड-दोनशे पाने उठतात, पण वाढायला हात कमी पडतात. तुमच्या मंडळाची मुले येतील का?

आम्ही विषय मंडळाच्या बैठकीत मांडला. एक तरुण कार्यकर्ता ताडकन उठला. म्हणाला, "काका, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. एका देवाच्या दारातून बाहेर पडलो ते दुसऱ्याच्या दारात जाऊन वाढायला का? आणि तेही दहन दिनाच्या दिवशी?"

प्रश्न रास्त होता. त्याला गप्प बसवणे आम्हाला योग्य वाटले नाही. उत्तर एका वयस्क उपासिकेने दिले. "पोरा, सहा डिसेंबरला आपण शिवाजी पार्कवर भोजनदान करतो. रांगेतल्या माणसाला कधी धर्म विचारलास का? मग वाढायची जागा कोणाची, हे तरी कशाला विचारतोस?"

त्यावरून ठरले ते असे. सकाळी विहारात त्रिशरण, पंचशील आणि महाडवर व्याख्यान. दुपारी वाढायला जायचे. त्यांची प्रार्थना त्यांनी म्हणावी, आपण शांत उभे राहावे. ना आपला धम्म लपवायचा, ना त्यांचा धर्म घ्यायचा.

जेवणानंतर तिथे मुलांना भेटवस्तू देण्याची रीत आहे. आपणही काही न्यावे म्हणून आम्ही घरातले जुने स्वेटर, शर्ट धुऊन गाठोडे बांधले. आमच्या मंडळींनी ते पाहिले आणि शांतपणे विचारले, "तुमच्या आजीला वाड्यावरचे उतरलेले लुगडे मिळायचे. ते नेसताना तिला काय वाटायचे, हे तुम्हीच भाषणात सांगता ना?"

आम्ही खजील झालो. गाठोडे सोडले. घरटी वीस रुपये वर्गणी काढली आणि वह्या, पेन्सिली, रंगाच्या पेट्या आणल्या. सगळे नवे, आपल्या मुलांना देतो तसेच. आम्ही पडलो कारकून, म्हणून पै-पैचा हिशेब लिहून विहाराच्या फळ्यावर लावला. वर्गणी वीस रुपयांची असो वा दोनशेची, हिशेब उघडा हवा.

दुसरी चूक प्रत्यक्ष वाढताना झाली. आमच्यातल्या एकाने मोबाइल काढून पंगतीचे फोटो घ्यायला सुरुवात केली. एका म्हाताऱ्या बाबांनी घास हातात तसाच ठेवला आणि उपरण्याने तोंड झाकले. ते पाहून आमच्या पोटात कालवले. मोबाइल खिशात गेला. तेव्हापासून आमचा नियम आहे : जेवणाऱ्याचा फोटो काढायचा नाही, आणि वाढून झाले की त्याच पंगतीत, त्यांच्याच शेजारी बसून आपणही जेवायचे.

अन्नाचा अपमान आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर अफवा उठवून जमावाने परिषदेच्या मंडपावर हल्ला केला. लोक जेवत होते, त्यांचे अन्न मातीत मिळवले गेले. त्या वेळी मुसलमानांच्या घरांनी आपल्या लोकांना आसरा दिला. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला हिंदूंची जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृती जळाली ती या परिषदेत. दुसऱ्या धर्माच्या माणसाने दिलेल्या जमिनीवर आपला लढा उभा राहिला. मग दुसऱ्या धर्माच्या अंगणात चार भुकेल्यांना वाढल्याने आपण बाटतो कसे?

त्याच महाडला बाबासाहेबांनी आपल्याला आणखी एक सांगितले होते. उष्टे अन्न खाऊ नका, स्वाभिमानाने जगा. ज्यांनी उष्टे नाकारले, त्यांनी दुसऱ्याला उष्टे-उतरलेले देऊ नये, हाही त्याचाच अर्थ आहे, असे आम्हाला वाटते.

दहा पारमितांत पहिली दान पारमिता. तथागतांना जेतवन देणाऱ्या सुदत्ताला जग अनाथपिंडिक म्हणते, म्हणजे अनाथांना अन्न देणारा. त्याने दिलेल्या विहारापेक्षा त्याने भरवलेला घास त्याच्या नावात राहिला.

तेव्हा येत्या २५ डिसेंबरला प्रत्येक घराने एवढे करावे. सकाळी मुलाबाळांसह विहारात जावे. मुलींना आवर्जून न्यावे, कारण मनुस्मृतीने त्यांनाही बांधून टाकले होते. शेजारी ख्रिस्ती कुटुंब असेल तर मुलांच्या हातून ताट पाठवावे. जवळपास कुठे अन्नदान असेल तर दोन तास द्यावेत. पैसे नसले तरी कांदे चिरायला आणि भांडी घासायला हात लागतातच.

आणि तो प्रश्न विचारणारा तरुण? गेल्या वर्षी भाताचे पातेले त्याच्याकडे होते. एक लहान मूल तिसऱ्यांदा भात मागायला आले, तेव्हा कोणीतरी त्याला हटकले. तो म्हणाला, "असू द्या, वाढतो मी." आणि त्याने ताट भरून दिले.

जय भीम! नमो बुद्धाय!