छातीवरचे नाव

गेल्या हिवाळ्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने एका जर्सीचा हट्ट धरला. कलकत्त्यातल्या मराठी घरात मूल वाढले म्हणजे ते क्रिकेटइतकेच फुटबॉलचेही होते, आणि फुटबॉलचे झाले म्हणजे ब्राझीलचा किंवा अर्जेंटिनाचा पक्ष घेणे त्याला चुकत नाही. आमचे चिरंजीव अर्जेंटिनाचे. 2022 चा विश्वचषक जिंकणाऱ्या त्या संघाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ 2023 च्या जुलैत या शहरात येऊन गेला, तेव्हापासून तर त्यांचे दैवत कायमचे ठरले. हा मार्टिनेझ इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन व्हिला क्लबाकडून खेळणारा, म्हणून त्या क्लबाची जर्सी हवी. अस्सल जर्सीची किंमत कारकुनाच्या पगाराला झेपणारी नव्हती. मैदान मार्केटात तिची नक्कल चारशे रुपयांत मिळाली. घरी पत्नीने ती उलगडली आणि छातीवरच्या ठळक अक्षरांवर बोट ठेवून विचारले, "हे कुणाचे नाव?" खेळाडूचे असेल, असे मी ठोकून दिले. मागाहून चौकशी केली तेव्हा कळले की ते नाव बेटानो या सट्टेबाजीच्या कंपनीचे आहे.

त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट हाती लागली. इंग्लंडात जुगाराच्या कंपन्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतलेली एक संहिता आहे. तीनुसार 2007 पासून मुलांच्या मापाच्या जर्सीवर अशा कंपनीचे नाव छापायचे नाही असा दंडक आहे. म्हणजे बर्मिंगहॅमच्या मुलाला कोरी जर्सी मिळते. माझ्या मुलाला मिळालेली नक्कल मोठ्या माणसाच्या जर्सीवरून बेतलेली असल्यामुळे तिच्यावर नाव आले. नक्कल करणाऱ्याला संहिता कोण वाचून दाखवणार?

कारकुनी पेशात एक सवय जडते. कुणाच्या अर्जाविषयी शंका आली की तो अर्ज प्रथम त्याच माणसाच्या दुसऱ्या कागदांशी ताडून पाहायचा. बाहेरचा साक्षीदार मागाहून. या प्रकरणी बाहेरच्या साक्षीदाराची गरजच पडत नाही. छातीवरचे नाव निरुपद्रवी आहे, तो निव्वळ व्यापार आहे, असे ज्यांचे म्हणणे, त्यांनीच ते लहान मुलाच्या अंगावर नको असे लिहून दिले आहे. का नको? ते निरुपद्रवी असेल तर मुलाच्या अंगावर असल्याने काय बिघडते? आणि उपद्रवी असेल, तर त्याच मुलाचा बाप ते नाव छातीवर मिरवत शेजारी बसला आहे आणि मैदानात मुलाची अकरा दैवते तेच नाव अंगावर घेऊन दीड तास धावत आहेत, त्याचे काय? मूल काय आपल्याच सदऱ्याकडे पाहत बसते?

दुसरा कागद खेळाडूंचा. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 2014 पासून वरच्या श्रेणींतील प्रत्येक खेळाडूला जगातल्या कोणत्याही फुटबॉल सामन्यावर पैज लावण्यास मनाई केली आहे. मनाई रास्तच आहे. पण हे दोन कागद शेजारी ठेवून वाचा. जो ते नाव अंगावर वागवतो त्याने तो व्यवहार करायचा नाही, आणि ज्याच्या वयाला तो व्यवहार वर्ज्य आहे त्याने ते नाव अंगावर घालायचे नाही. गुत्तेवाल्याने आपल्या नोकरांना दारू वर्ज्य केली तर ते समजण्यासारखे आहे. पण त्याच नोकरांच्या गळ्यात गुत्त्याची पाटी अडकवून त्याने त्यांना शाळेसमोर उभे केले, तर त्याच्या सदाचाराची वाखाणणी कोण करील?

ही केवळ उपमा राहिलेली नाही. इव्हान टोनी हा तेव्हा ब्रेंटफर्ड क्लबाचा आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातला खेळाडू होता. 2023 च्या मे महिन्यात पैजांविषयीच्या नियमांचे 232 वेळा उल्लंघन केल्याबद्दल त्याला आठ महिने खेळण्यास बंदी आणि 50,000 पौंड दंड अशी शिक्षा झाली. त्याला जुगाराचे व्यसन असल्याचे तज्ज्ञाचे निदान निकालपत्रातच नमूद आहे. आणि त्या काळात ब्रेंटफर्डच्या छातीवर नाव कुणाचे होते? हॉलीवुडबेट्स या पैजांच्या कंपनीचे. शिक्षा अन्यायाची होती असे माझे म्हणणे नाही. व्यसनी माणसाला त्याच्याच व्यसनाची जाहिरात अंगावर घालून दर आठवड्याला मैदानात उतरवणाऱ्यांना कोणत्या कलमाखाली किती महिने मिळाले, एवढीच माझी पृच्छा आहे. असे कलम अस्तित्वात नाही.

ही चाल फार जुनी नाही. प्रीमियर लीगमध्ये छातीवर पैजांच्या कंपनीचे नाव प्रथम आणले ते 2002 मध्ये फुलहॅमने. 2005 चा जुगारविषयक कायदा 2007 मध्ये अमलात आला आणि जाहिरातीची दारे उघडली. 2024-25 च्या हंगामात वीसपैकी अकरा क्लबांच्या छातीवर अशी नावे होती. त्याच्या पुढच्या हंगामातही अकराच. त्यांत लिव्हरपूलला राहणारा एव्हर्टन हा जुना क्लब आहे, तसेच बंदरातल्या लोखंडी कारखान्याच्या कामगारांच्या संघातून जन्मलेला वेस्ट हॅमही आहे.

कोणी म्हणेल, लहान क्लबांना पैसा लागतो, तो कोठून आणावा? हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण 2023-24 मध्ये अगदी तळाला राहून खालच्या श्रेणीत ढकलल्या गेलेल्या शेफील्ड युनायटेडलाही लीगच्या सामायिक उत्पन्नातून 10 कोटी पौंडांहून अधिक वाटा मिळाला होता. ही गरिबी नव्हे. आणि ज्या क्लबाची जर्सी माझ्या घरी खुंटीला टांगली आहे, त्याचाच इतिहास पाहा. 2006 ते 2008 अ‍ॅस्टन व्हिलाच्या छातीवर थर्टीटू रेड या जुगारी कंपनीचे नाव होते. तो करार संपला आणि 2008 ते 2010 हे दोन हंगाम क्लबाने एक पैसा न घेता एकॉर्न्स या संस्थेचे नाव छातीवर घातले. बऱ्या न होणाऱ्या आजारांतील मुलांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणारी ही संस्था आहे. क्लब बुडाला काय? दोन्ही हंगामांत तो वीसांत सहावा आला. ज्या छातीवर आजारी मुलांच्या निवाऱ्याचे नाव शोभले, त्याच छातीवर पुढे पुन्हा सट्ट्याच्या कंपन्या आल्या. बेटानोचा करार झाला तो 2024 मध्ये, म्हणजे असली नावे छातीवरून काढायची असा ठराव सगळ्या क्लबांनी मिळून केल्यावर एक वर्षाने.

त्या ठरावाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तो हाताळण्याची रीत सरकारी कचेरीत आयुष्य घालवणाऱ्या माणसालाही चकित करील अशी आहे. 2023 च्या एप्रिलात प्रीमियर लीगच्या क्लबांनी ठरवले की छातीवरून जुगारी कंपन्यांची नावे काढायची. केव्हा? 2025-26 चा हंगाम संपल्यावर. दोष कबूल, पण तीन हंगामांची मुदत. शिवाय नाव केवळ छातीवरून जायचे. बाहीवर राहण्यास हरकत नाही, आणि मैदानाभोवतीच्या झळकत्या फलकांवर तर मुळीच नाही. पाप छातीवरून दंडावर सरकवले की त्याला सुधारणा म्हणायचे. स्पेनने 2021-22 पासून जर्सीवरची ही नावे कायद्यानेच बंद केली. इटलीनेही 2018 मध्ये कायदा केला. पण पळवाट शोधणारे तेथेही आहेत. मिलानच्या इंटर क्लबाच्या छातीवर 2024 पासून बेटसन स्पोर्ट असे नाव आले. पैजांची कंपनी नव्हे, त्याच नावाचे क्रीडावार्तांचे पान, असा खुलासा. आपल्याकडे दारूच्या नावाने सोडा विकतात, त्यातलाच हा प्रकार.

आता कोणी विचारील, इंग्लंडच्या सदऱ्यांची उठाठेव कलकत्त्यात बसून कशाला? उठाठेव एवढ्यासाठी, की ही नावे मुख्यतः इंग्रजांसाठी राहिलेलीच नाहीत. एव्हर्टनच्या छातीवर नाव असलेल्या स्टेक या कंपनीने 2025 मध्ये ब्रिटनमधले आपले दुकान बंद केले. नाव मात्र छातीवर राहिले. त्याच वर्षी टीजीपी युरोप नावाच्या कंपनीने दंड भरण्याऐवजी ब्रिटनचा परवाना सोडला. तिच्या परवान्याच्या आडोशाने आशियातल्या कित्येक सट्टेबाज कंपन्या इंग्लंडच्या मैदानांवर झळकत होत्या. तेथील जुगार आयोगाला बोर्नमथ, फुलहॅम, न्यूकॅसल, वुल्व्ज आणि बर्नली या क्लबांना पत्रे धाडून सावध करावे लागले. ज्या पाटीखाली दुकान नाही ती पाटी कुणासाठी लावलेली असते? शनिवारी संध्याकाळी पडद्यासमोर बसणाऱ्या आशियातल्या कोट्यवधींसाठी. हिंदुस्थानात 1867 पासून जुगाराचा अड्डा चालवणे हा गुन्हा आहे. मुंबईचा मटकेवाला निदान गल्लीच्या तोंडाशी पहारेकरी ठेवी आणि आकडा लावणारा मान खाली घालून जाई. हा नवा अड्डेवाला जगातल्या नामांकित क्लबाच्या छातीवर बसून आपल्या बैठकीच्या खोलीत येतो. द्यूताचा विषय निघाला की धर्मराजाची आठवण काढण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याला निदान विदुराकरवी रीतसर आमंत्रण आले होते.

ही बैठकीची खोली कुणाची होती ते सांगतो. माझ्या विभागात एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम मागितला, कारण पत्नीच्या आजाराचे दिले. टिपण मी लिहिले: नियमानुसार अनुज्ञेय, मंजुरीस्तव सादर. वर्षाच्या आत दुसरा अर्ज, या वेळी मुलीच्या शिक्षणासाठी. तेही टिपण मीच लिहिले. तिसरा अर्ज यायच्या आधी त्यांचे कर्जदार कचेरीच्या जिन्यात येऊन उभे राहू लागले आणि मग सारे उघड झाले. पत्नी धडधाकट होती, मुलीचे शिक्षण थांबले होते. मोबाइलवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ते सामन्यांवर पैसे लावीत. शेअरबाजारात सट्टा करू नये हा वर्तणूक नियमांतला दंडक त्यांना तोंडपाठ होता. तीस वर्षे इतरांना तोच समजावून देण्यात गेली होती. मी विचारले, तुमच्यासारख्या माणसाला संशय कसा आला नाही? ते म्हणाले, "अहो, एवढ्या मोठ्या खेळाडूंच्या अंगावर ज्याचे नाव असते, ते खोटे असेल असे मनातसुद्धा आले नाही."

हे उत्तर मला फार दिवस छळत आहे. जाहिरात माणसाला मोहात पाडते हे सर्वांना ठाऊक आहे आणि मोहाशी झगडता येते. छातीवरचे नाव मोहात पाडत नाही, ते हमी देते. आम्ही कारकून मंडळी शिक्क्याची किंमत जाणतो. कागद तोच, मजकूर तोच, पण शिक्का उठला की तो खरा होतो. संघाची जर्सी हा असा शिक्का आहे आणि क्लब तो भाड्याने देतात.

आपले घर या बाबतीत स्वच्छ आहे असा आव मी आणणार नाही. सरकारे स्वतःच लॉटरीची तिकिटे विकतात. आमच्या या शहरात 1911 साली मोहन बागानच्या अकरांनी, त्यांतल्या दहांनी अनवाणी पायांनी, ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्याच क्लबाच्या नावामागे 1998 मध्ये मॅकडॉवेल लागले आणि ईस्ट बंगालच्या नावामागे किंगफिशर. नव्वदच्या दशकात आपल्या क्रिकेट संघाच्या अंगावर विल्स हे सिगारेटचे नाव होते आणि 1996 चा विश्वचषकही त्याच नावाचा. मराठी कवी प्रा. रमेश तेंडुलकर यांना त्यांच्या मुलाने वचन दिले होते की तंबाखूची जाहिरात करणार नाही. त्या वचनामुळे आपली बॅट कोरी ठेवल्याचे सचिनने पुढे सांगितले आहे. बॅट खेळाडूची, ती त्याने कोरी ठेवली. जर्सी मंडळाची. एका कवीच्या घरातला शब्द बॅटीपर्यंत पोहोचू शकला, त्याच्या पुढे त्याची सत्ता नव्हती. म्हणूनच हा प्रश्न खेळाडूच्या सद्सद्विवेकावर सोपवणे ही लबाडी आहे.

2023 मध्ये त्याच संघाच्या छातीवर ड्रीम इलेव्हन आले. तो जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, असे त्या कंपनीचे म्हणणे होते आणि न्यायालयांनी ते मान्यही केले होते. 2025 च्या ऑगस्टात संसदेने कायदा केला आणि कौशल्य असो वा दैव असो, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. नाव काही दिवसांतच उतरले. सप्टेंबरात आशिया चषकाला भारतीय संघ गेला तेव्हा छातीवर संघाच्या कोणत्याही प्रायोजकाचे नाव नव्हते, देशाचे होते. चषक त्यानेच जिंकला. इंग्लंडच्या क्लबांना ज्यासाठी तीन हंगाम लागतात, ते येथे पंधरवड्यात झाले.

माझ्या मुलाच्या जर्सीवरचे नाव पत्नीने इस्त्रीने काढून पाहिले. अर्धे निघाले, अर्धे कापडाला धरून राहिले. तो ती तशीच घालतो. "मग मार्टिनेझ ते का घालतो?" असे त्याने विचारले, तेव्हा त्याच्या हातात नसते, एवढेच मी सांगू शकलो. ज्यांच्या हातात आहे त्यांच्या कारखान्यांत लहान मापाच्या कोऱ्या जर्सी आजही शिवल्या जातात. मोठ्या मापाच्याही तशाच शिवाव्यात, आणि बाही कोरी ठेवावी.