सोन्याचं पोतं आणि वाण्याची वही

१९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून कल्पित दुनियेच्या खेळांत एक गोष्ट मला सतत खटकते: वीर गुहेतून पोतंभर सोनं आणतात, खेड्यातला दुकानदार ते मुकाट मोडून देतो आणि भाकरीचा भाव मात्र जागचा हलत नाही. असे खेळ रचणाऱ्या आपल्या पोरांनी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडकडे बघावं. पेशवाईत इथल्या सुतार-लोहारांना सुगीला खळ्यावरच धान्याचं बलुतं मिळे. किरकोळीला तांब्याची शिवराई चाले. रुपये तर कैक टाकसाळींचे; सराफ एकेक नाणं वाजवून, पारखून, बट्टा कापूनच घेई. त्यात पेशव्याने इंग्रजांशी केलेल्या १८०२च्या वसईच्या तहानंतर शिरूरला, म्हणजे घोडनदीला, इंग्रजांची छावणी पडली. रोख पगाराचे शिपाई, दाणावैरण मागणारी घोडी आणि शेजारी बलुत्यावर चालणारी गावं! खेळाला यापेक्षा चांगला पट कुठे मिळणार? आजही दौंडच्या ऊसपट्ट्यात कारखान्याचं बिल जमा होईपर्यंत किराणा उधारीवर चालतो, वाण्याच्या वहीत. खेळाच्या सूत्रधाराने ती वही दुकानदाराच्या हाती द्यावी. सोनं घेऊन आलेल्या वीराला तो आधी मागची बाकी विचारेल.