प्रदर्शन हिवाळ्यात, विज्ञान जूनपासून

तालुका विज्ञान प्रदर्शनाचे परिपत्रक शाळेत पोचते तेव्हा बहुधा दिवाळी उलटलेली असते. सोयाबीन निघालेले असते, तूर उभी असते, हरभरा वर येत असतो. मुख्याध्यापक विज्ञानाच्या शिक्षकांना बोलावून सांगतात की आपल्या शाळेचे एक तरी मॉडेल गेले पाहिजे. मग आठ-दहा दिवसांत थर्माकोल, रंग, छोटी मोटार, बॅटरी, एलईडी यांची जमवाजमव होते. वर्गातली दोन हुशार मुले निवडली जातात, त्यांच्याकडून माहिती पाठ करून घेतली जाते आणि टेम्पोत किंवा एसटीत मॉडेल सांभाळत सगळे प्रदर्शनाच्या गावी पोचतात. परीक्षक येतात, दोन-तीन मिनिटे ऐकतात, गुण देतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बक्षिसे वाटली जातात आणि मॉडेल शाळेच्या कपाटावर चढते.

या धडपडीला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पदरमोड करून साहित्य आणणारे शिक्षक वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत आहेत. यजमान शाळेचे गाव शेकडो मुलांच्या जेवणाची आणि मुक्कामाची जबाबदारी आनंदाने उचलते. तांड्यावरच्या किंवा वाडीतल्या मुलासाठी अनोळखी माणसासमोर उभे राहून बोलण्याची ती आयुष्यातली पहिली वेळ असते. हे सगळे मोलाचे आहे. पण या सगळ्यात विज्ञान कुठे घडते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मुलाने काही मोजले का? त्याचा एखादा अंदाज चुकला का? चुकल्यावर त्याने पुन्हा करून पाहिले का? आठ दिवसांत यातले काहीही होऊ शकत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की प्रदर्शनाची तारीख हिवाळ्यातच राहू द्या, पण त्याची सुरुवात जूनमध्ये करा. विषय उन्हाळी सुट्टीपूर्वी ठरावेत, मोजणी पहिल्या पावसापासून सुरू व्हावी आणि प्रदर्शनात मुलांनी पाच-सहा महिन्यांच्या नोंदी घेऊन यावे.

वाशिमसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात मोजण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. सगळ्यात आधी पाऊस आहे. एका महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला की ती अतिवृष्टी ठरते. पंचनामे, मदत, पीकविम्याचे वाद असे पुष्कळ काही मंडळातल्या पर्जन्यमापकाच्या आकड्याभोवती फिरते. मंडळात गावे अनेक आणि यंत्र बहुधा एकच. रस्त्याच्या अलीकडे धो धो आणि पलीकडे कोरडे, हा अनुभव इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी असतो. आकडा मात्र कोणाकडेच नसतो. तो आकडा सातवीतली मुलगी देऊ शकते. सरळ भिंतींची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवायचा, बाहेर पट्टी चिकटवायची. बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असतो, म्हणून आत थोडे खडे टाकून पट्टीच्या शून्यापर्यंत पाणी भरून ठेवायचे आणि रोज नोंद झाली की पाणी पुन्हा शून्यावर आणायचे. जवळ झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर बाटली ठेवायची. नोंद रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातेही त्याच वेळी घेते.

हे ऐकायला सोपे वाटते, पण करताना मुलाला विज्ञानातल्या खऱ्या अडचणी भेटतात. रविवारी शाळा बंद असली तर नोंद कोण घेणार? वाऱ्याने बाटली कलंडली तर त्या दिवसाच्या रकान्यात काय लिहायचे? शून्य लिहिणे चूक आहे आणि अंदाजे आकडा लिहिणे त्याहून मोठी चूक आहे, हे त्या रकान्यापाशी शिकता येते. पुढचे गणितही गोड आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एकरात सुमारे 4047 चौरस मीटर असतात, म्हणजे अतिवृष्टीच्या एका दिवसात एकरभर रानावर अडीच लाख लिटरांहून जास्त पाणी पडते. त्यातले किती मुरले आणि किती वाहून गेले, हा पुढचा प्रश्न मूल स्वतःहून विचारते. मग ते गावातल्या विहिरींकडे वळते. दोरीला गाठी मारून पाण्याची खोली दर पंधरवड्याला मोजली की दिवाळीपर्यंत त्या गावाचा असा आलेख तयार होतो, जो गावाने आजवर पाहिलेला नसतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पोरांच्या नोंदी तिच्या आकड्यांशी ताडून पाहता येतील आणि दोघांत फरक आला तर का आला, याचा शोध घेता येईल.

दुसरा विषय सोयाबीनचा. घरचे बियाणे पेरण्याआधी ओल्या गोणपाटावर 100 दाणे ठेवून उगवण तपासावी, 70 किंवा अधिक दाणे उगवले तर शिफारशीप्रमाणे पेरावे, कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे, असे कृषी विभाग दर खरिपाआधी सांगतो. हा सल्ला प्रयोगच आहे आणि शाळेला तो आणखी पुढे नेता येतो. सोयाबीनच्या दाण्याचे साल फार नाजूक असते. मळणीयंत्राचा वेग जास्त झाला किंवा पोते उंचावरून आपटले तर दाणा वरून धड दिसतो, पण आतून दुखावलेला असतो. ऑक्टोबरात सोयाबीन निघते तेव्हा एकाच शेतातल्या काही शेंगा हाताने सोलून ठेवाव्यात आणि त्याच शेतातले यंत्रातून आलेले दाणे वेगळे ठेवावेत. दोन्हींचे शंभर-शंभर दाणे सारख्या ओलीत, सारख्या सावलीत ठेवून आठवडाभराने मोजावेत. एकदा करून भागणार नाही, तीन-चार वेळा करावे लागेल. दरवेळी आकडा थोडा वेगळा येईल आणि त्या वेगळेपणाचे काय करायचे, याचा विचार करताना मूल सरासरीच्या सूत्रापलीकडे जाईल. आठवीच्या पोराने काढलेला हा निष्कर्ष मळणीयंत्राच्या मालकाला ऐकवण्यासारखा असेल. अशा प्रयोगाचे परीक्षण करायला माणसे आपल्याकडेच आहेत. करड्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ शेजारच्याच जिल्ह्यात आहे.

तिसरा विषय वाशिम शहराच्या अभिमानाचा आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. प्राचीन भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा या नगरातून जात असे, अशी परंपरा आहे आणि मध्यमेश्वराच्या मंदिराशी ती जोडली जाते. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराच्या 'महाभास्करीय' ग्रंथात मध्यरेषेवरच्या स्थळांमध्ये अवंतीबरोबर, म्हणजे आजच्या उज्जैनबरोबर, वत्सगुल्माचेही नाव येते. ही गोष्ट आपण भाषणात सांगतो. ती शाळेच्या पटांगणात तपासताही येते. एक सरळ काठी ओळंब्याने उभी करायची आणि दर दोन मिनिटांनी सावलीचे टोक खुणेने नोंदवायचे. सर्वांत आखूड सावली पडते तो खरा मध्यान्ह. घड्याळात त्या वेळी बारा वाजलेले नसतात, कारण आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचे आहे आणि वाशिम सुमारे 77 अंशांवर आहे. जुलैअखेरीस ढगांनी सवड दिली तर ही वेळ 12 वाजून 28 मिनिटांच्या आसपास मिळेल आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12 वाजून 5 मिनिटांच्या आसपास. घड्याळ तेच, काठी तीच, मग वेळ का सरकली? या प्रश्नाचे उत्तर शोधणारे मूल पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेपर्यंत आणि कललेल्या अक्षापर्यंत पोचते. त्याच दिवशी उज्जैनच्या एखाद्या शाळेने हीच नोंद घेतली तर तिथला मध्यान्ह सुमारे साडेपाच मिनिटे उशिरा आलेला दिसेल. म्हणजे दोन्ही गावे नेमक्या एका रेषेवर नाहीत, पण दीड हजार वर्षांपूर्वीच्या साधनांनी केलेली ही मांडणी फार दूरही नव्हती. पूर्वजांच्या विद्येचा याहून चांगला मान कोणता?

अशा कामाला आजच्या प्रदर्शनाच्या नियमांत पुरेशी जागा नाही, ही खरी अडचण आहे. एनसीईआरटी 1971 पासून राष्ट्रीय पातळीवर मुलांचे विज्ञान प्रदर्शन भरवते. दरवर्षी मुख्य विषय आणि उपविषय ठरतात आणि तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्यांनी निवड होते. 2023 च्या डिसेंबरात पन्नासावे राष्ट्रीय प्रदर्शन पुण्यात बालेवाडीला झाले. 'इन्स्पायर मानक' योजनेत निवडलेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याच्या खात्यावर 10 हजार रुपये येतात. हे उपक्रम हवेतच, पण त्यांचा भर वस्तूवर आहे. विचारलेल्या प्रश्नाला आणि घेतलेल्या नोंदींना तेवढेच वजन मिळत नाही. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने 1993 पासून वेगळी वाट दाखवली आहे. तिथे मुले आपल्या परिसरातला प्रश्न निवडून सर्वेक्षण करतात, नोंदवही ठेवतात आणि अहवाल मांडतात. अमेरिकेत 1950 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे आंतरराष्ट्रीय झालेल्या विज्ञान मेळ्यातही परीक्षक मॉडेलच्या देखणेपणापेक्षा मुलाने काय केले आणि का केले, हेच खोदून विचारतात. जिल्हा प्रदर्शनाला हा बदल करण्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. निम्मे गुण नोंदवहीला द्यावेत. प्रत्येक गटाला किमान पंधरा मिनिटे मिळावीत, त्यासाठी परीक्षकांची संख्या वाढवावी लागली तरी चालेल. 'आमचा अंदाज चुकला' असे आकड्यांनिशी दाखवणाऱ्या मुलाचे गुण कापले जाऊ नयेत. बाजारातून तयार आणलेली प्रतिकृती स्पर्धेत घेऊच नये.

जूनपासून सुरुवात करण्याचे आणखी एक कारण आहे आणि आम्हाला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. दिवाळीनंतर जिल्ह्यातली अनेक कुटुंबे कामाच्या शोधात बाहेर पडतात आणि पोरे त्यांच्याबरोबर जातात. डिसेंबरात निवड करणाऱ्या शाळेच्या यादीत ती मुले असतच नाहीत. पावसाळ्यात मात्र ती वर्गात असतात आणि पाऊस, माती, बी-बियाणे, जनावरे यांची त्यांना इतरांहून अधिक जाण असते. त्यांनी घेतलेल्या नोंदींवर त्यांचे नाव राहिले पाहिजे आणि प्रदर्शनाच्या दिवशी ती मुले आणता आली तर आणली पाहिजेत. मुलींचेही तसेच. मॉडेल रंगवायला मुली आणि बोलायला मुलगा, ही वाटणी अजून पुष्कळ टेबलांवर दिसते. ज्याने मोजले त्यानेच मांडायचे, एवढा एक नियम केला तरी चित्र पालटेल, कारण रोज सकाळी नेमाने नोंद घेण्याच्या कामात मुली मागे पडत नाहीत. शिक्षकांच्या रिक्त जागा आणि कुलूपबंद प्रयोगशाळा हे प्रश्न आहेतच, त्यांवर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. पण बाटली, दोरी, काठी आणि गोणपाट यांना प्रयोगशाळेची किल्ली लागत नाही.

जिल्ह्यापुरते थांबण्याचेही कारण नाही. अमरावती विभागातले अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे मिळून एक विभागीय विज्ञान मेळा भरवू शकतात आणि पहिल्या मेळ्याचे यजमानपद वाशिमने मागावे. मेळघाटातल्या शाळेची पावसाची वही आणि मानोऱ्यातल्या शाळेची वही शेजारी शेजारी उघडल्यावर दोन्हीकडच्या मुलांना जे कळेल, ते एकट्या जिल्ह्यात कळणार नाही. शिवाय रिसोडच्या शेजारी, बुलडाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर पाहायला जगभरचे शास्त्रज्ञ येतात. 2020 च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे रंग बदलल्याचे सांगितले. मेळ्याचा एक दिवस लोणारला ठेवावा. वाशिमच्या किती मुलांनी ते विवर भूगोलाच्या पुस्तकाबाहेर पाहिले आहे?

खर्चाची सबब पुढे येऊ नये. 2018 मध्ये नीती आयोगाने वाशिमची निवड आकांक्षित जिल्ह्यांत केली आणि शिक्षण हा त्या कार्यक्रमाचा मुख्य भाग आहे. जिल्हा नियोजनात नावीन्यपूर्ण योजनांसाठी निधी असतो. मांडव, सत्कार आणि स्मृतिचिन्हे यांवरचा खर्च आटोपता घेतला तरी प्रत्येक शाळेला नोंदवह्या, एक चांगला तापमापक, मोजपात्रे आणि मुलांचे प्रवासभाडे देता येईल. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने पहिले परिपत्रक एप्रिलमध्ये काढावे. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणून त्याआधीच्या दोन आठवड्यांच्या नोंदी घरी कशा घ्यायच्या, हे मुलांना सुट्टीपूर्वी सांगून ठेवावे. ऑगस्टमध्ये केंद्रप्रमुखांनी प्रत्येक शाळेत जाऊन वह्या पाहाव्यात, शेरा मारण्यासाठी नव्हे तर मुलांच्या अडचणी सोडवण्यासाठी. कृषी विज्ञान केंद्र, कृषी विभाग, भूजल यंत्रणा आणि महाविद्यालये यांतल्या चार-पाच माणसांची नावे प्रत्येक तालुक्यासाठी जुलैतच जाहीर व्हावीत, म्हणजे अडलेल्या शिक्षकाला फोन कोणाला करायचा हे कळेल. आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक गावातल्या मुलांनी आपल्या गावाचा पाऊस, विहिरींची पातळी आणि बियाण्याची उगवण यांचे आकडे वाचून दाखवावेत. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत आणि त्याची एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पाठवावी.